मिलानची बॅग भरताना



गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या नणंदेचा सांगलीहून फोन आला. येत्या ऑक्टोबरात ती आणि तिचे यजमान युरोपला निघालेत. सहलीचे शेवटचे पाच दिवस मिलानमध्ये. "वहिनी, तुम्ही तिथे राहून आलात. काय काय नेऊ ते सांगा. फॅशनचं गाव आहे म्हणतात, आपण गबाळं दिसायला नको."

बोलता बोलता कळलं की बाईसाहेबांनी अर्धी खरेदी आधीच उरकली आहे. सहा नवे ड्रेस, दोन जॅकेट, गुडघ्यापर्यंतचे बूट. आकडा अडतीस हजारांवर गेलेला. मी कॉमर्सची, त्यामुळे आकडा ऐकला की डोक्यात लगेच जमा-खर्च सुरू होतो. पण तिला हसण्याचा मला हक्क नाही. तीन वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केलं होतं. मुलगा तेव्हा नोकरीसाठी मिलानला होता. दहा दिवसांसाठी आम्ही दोघं गेलो, तर माझ्या एकटीची बॅग तेवीस किलोची झाली होती.

माझं मत आधीच सांगून टाकते. फॅशनच्या शहरात जाताना नवे कपडे घेऊ नयेत. आपल्या अंगाला सवय झालेले, नीट बसणारे, धुऊन इस्त्री केलेले मोजके कपडे न्यावेत. एकच वस्तू नवी घ्यायची असेल तर ती पावसाचा कोट. आणि त्या सगळ्या कपड्यांची लेबलं घर सोडण्यापूर्वी वाचावीत.

आता कारणं.

पहिलं कारण हवा. मिलान पो नदीच्या सपाट खोऱ्यात आहे आणि उत्तरेला आल्प्सची भिंत. वारा फारसा नसतो, हवेत ओल साचून राहते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर दिवसा साधारण १५ ते १८ अंश आणि रात्री १० च्या आसपास. ऐकायला काही वाटत नाही. पण दमट थंडी कोरड्या थंडीसारखी बाहेर राहत नाही, ती कपड्यांत शिरते. त्यात अधूनमधून पाऊस, आणि नोव्हेंबर लागला की धुकं. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. तिथे इमारतींमधली उष्णता कधी सुरू करायची याला सरकारी नियम आहे. मिलानसारख्या भागात साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. त्याआधी गेलात तर घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा लागतो. आम्ही ९ तारखेला पोहोचलो आणि पहिले काही दिवस मी घरात शाल सोडली नाही. पंधरा तारखेनंतर उलट. दुकानात, मेट्रोत शिरलं की घाम फुटतो.

म्हणून जाड एक कपडा न्यायचा नाही. पातळ तीन न्यायचे, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. (आपण कांदा खात नसलो तरी उपमा चालेल!) आत अंगाला घट्ट थर्मल, वर सुती कुर्ता किंवा ब्लाऊज, त्यावर बटणांचं स्वेटर, आणि सगळ्यांत वर पाणी न धरणारा कोट, मांड्यांपर्यंत लांब. स्वेटर बटणांचंच घ्या. डोक्यातून काढायचं असेल तर दुकानात केस विस्कटतात, मग आपण ते काढतच नाही आणि उकडत राहतो.

दुसरं कारण पाय. मिलानच्या जुन्या भागातले रस्ते दगडी फरशांचे आणि त्यात ट्रामचे रूळ. पाऊस पडला की फरशी गुळगुळीत, आणि बारीक टाच रुळाच्या खाचेत अडकते. मी नवे कोरे बूट घालून दुओमो बघायला निघाले. १३८६ साली ज्याचं काम सुरू झालं ते हे प्रचंड चर्च. त्याच्या समोरच्या चौकात मी वर बघायचं सोडून पायाकडे बघत बसले होते, कारण दोन्ही टाचांना फोड आले होते. पुढचा अख्खा दिवस घरी. तेवढ्यात 'हे' एकटे ब्रेरा भागात फिरून आले आणि मला फोटो दाखवले. तेव्हापासून माझा नियम असा की जो बूट इथे तीन आठवडे रोज चालून झालेला नाही, तो बॅगेत जाणार नाही. दुओमोत जायचं असेल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हेही लक्षात ठेवा. आपल्या पंजाबी ड्रेसला आणि साडीला ती अडचण नाहीच.

नणंद म्हणाली, "मग मी आपली कोल्हापुरी घालते. आता तर मिलानमध्ये तीच चालते!" तिचा रोख तुमच्या लक्षात आला असेल. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. ओरड झाली तेव्हा त्यांनी मान्य केलं. या चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. श्रेय आपल्या कारागिरांचं आहे आणि ते मिळालंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांच्या हाताला मी नमस्कार करते. पण मी ती घालत नाही, कारण ती कातड्याची. आणि घालणाऱ्यांनाही सांगते, ओल्या फरशीवर ती घसरते आणि भिजली की खराब होते. ती इथल्या उन्हातली चप्पल आहे.

आता लेबलांकडे येते. ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची गोष्ट थोडी दुखरी आहे.

तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सुनेने माझ्या हातात एक पिशवी दिली. "आई, तुमच्यासाठी." आत हलकं, फुगीर, गडद निळं जॅकेट. घातलं तर वाटलं, ऊब म्हणतात ती हीच. तिने पहिल्या पगारवाढीतून घेतलेलं. मी आरशासमोर उभी राहिले, सवयीने आतली पट्टी उलटून बघितली आणि तिलाच विचारलं, "प्यूमा म्हणजे काय गं?" तिने फोनवर बघितलं. पिसं. बदकाची पिसं भरलेली होती.

मी तिथल्या तिथे जॅकेट उतरवलं आणि म्हटलं, "हे माझ्याच्यानं घालवणार नाही." खरं तेच बोलले. पण तिचा चेहरा असा उतरला की तो मला आजही दिसतो. ती दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर दुकानात गेली आणि बदलून कृत्रिम कापूस भरलेलं घेऊन आली. एक शब्द बोलली नाही. रात्री 'हे' मला म्हणाले, "तुझा नियम तुला माहीत होता. तिला कधी सांगितला होतास?" मी उत्तर दिलं नाही, कारण सांगितला नव्हता. घरात कांदा-लसूण नाही, रात्रीचं जेवण नाही, हे तिला लग्नाआधीच सांगितलं होतं. कपड्यांचं कधी निघालंच नाही. पिसं, कातडं, रेशीम हा माझा नियम मी मनात ठेवला आणि तिने तो ओळखावा अशी अपेक्षा केली. बदकाला इजा नको म्हणून जपणाऱ्या मी सुनेला इजा केली. म्हणून म्हणते, लेबल घरी वाचा आणि नियम निघण्यापूर्वी सांगा. भेट हातात आल्यावर सांगितलेला नियम समोरच्याला चपराकीसारखा लागतो.

कामाच्या गोष्टी लिहून घ्या. युरोपात बुटांवर तीन खुणा छापलेल्या असतात: वरचा भाग, आतलं अस्तर आणि तळ, या तिन्हींसाठी. कातडी सोलून पसरल्यासारखा आकार म्हणजे चामडं. जाळीचा चौकोन म्हणजे कापड. नुसता चौकट-पत्त्यासारखा आकार म्हणजे इतर साहित्य, बहुधा कृत्रिम. चामड्याच्या आकारात तो चौकट असेल तर लेप दिलेलं चामडंच. कपड्यांवर लाना म्हणजे लोकर, सेता म्हणजे रेशीम, कोतोने म्हणजे सूत, लीनो म्हणजे लिननचं कापड, पेल्ले म्हणजे चामडं. 'इको' लावलेला पेल्ले बघून फसू नका, तो खऱ्या चामड्यासाठीही वापरतात. कपड्याला चामड्याची पट्टी, शिंगाचं बटण असं काही लावलेलं असेल, तर युरोपीय नियमानुसार 'प्राण्यांपासून मिळालेले भाग आहेत' असं वाक्य लेबलावर लिहावं लागतं. त्याच्या शेवटी 'ओरिजिने आनिमाले' हे शब्द दिसतात. सगळं पाठ करायची गरज नाही, फोनचा कॅमेरा भाषांतर करून देतो. दोन मिनिटांचं काम.

आता कोणी म्हणेल, प्राणी वाचवायला निघालात आणि अंगावर प्लास्टिक चढवलंत. हा आक्षेप माझ्या मुलाचाच आहे आणि तो खोटा नाही. पॉलिस्टरचा कपडा धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, ते शेवटी नदीत, माशांपर्यंत. ॲक्रिलिकचं स्वेटर लोकरीइतकं ऊबदारही नसतं, आणि दोन धुण्यांत त्यावर गोळे येतात. लोकर वापरणाऱ्या जैन घरांशी मी भांडत नाही. रेशमाचं म्हणाल तर कोष गरम पाण्यात घालतात तेव्हा आत किडा असतो, हे कळल्यापासून मी विकत घेतलेलं नाही. मिलानजवळचं कोमो हे गाव रेशमासाठीच प्रसिद्ध, तिथून मी तळं बघून रिकाम्या हातांनी आले. पण सासूबाईंचा शालू माझ्या कपाटात आहे. नेसत नाही, टाकवतही नाही. सगळ्याचं उत्तर माझ्याकडे आहे असा माझा दावा नाही.

एवढं मात्र मला कळलं की कुठलंही कापड पूर्ण निर्दोष नाही. मग हातात एकच उरतं, संख्या कमी करणं. आपल्याकडे परिग्रहाचं परिमाण ठरवायला सांगितलं आहे, किती वस्तू ठेवायच्या याची मर्यादा. मला ते लहानपणी पाठांतराचं वाटायचं. तेवीस किलोची बॅग मुलाच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टविना चढवताना ते समजलं.

त्याचा हिशोबही सांगते. माझा पावसाचा कोट ५,४०० रुपयांचा. मिलान आणि नंतरच्या दोन सहली मिळून सत्तावीस दिवस घातला. दिवसाला दोनशे रुपये पडले, आणि अजून तो चांगला आहे. त्याच वेळी घेतलेला गाऊन ३,५०० चा, एका संध्याकाळी घातला. घसारा कोणाचा जास्त, तुम्हीच ठरवा.

आणि गबाळं दिसण्याची भीती? मोंतेनापोलेओने रस्त्यावरच्या काचा बघायला आम्हीही गेलो. काचेच्या आत झगमगाट होता, पण रस्त्यावरून जाणाऱ्या माझ्या वयाच्या बायका बघितल्या तर निळा, काळा, राखाडी असा एखादा साधा कोट, खांद्यावर बरोबर बसलेला, आणि गळ्यात एक रुमाल. कोट जुना, पण ब्रश फिरवलेला. ज्या शहरात दर सप्टेंबर-फेब्रुवारीला बायकांची नवी फॅशन ठरते, तिथेच १९२८ सालच्या घडणीच्या ट्राम लाकडी बाकांसकट अजून धावतात. चौथ्या दिवशी मी सुती साडी नेसले, दोन बोटं वर, आत थर्मल, पायात रोजचे कापडी बूट, वर सुनेने बदलून आणलेलं जॅकेट. ट्राममध्ये कोणीही माझ्याकडे वळून बघितलं नाही. मला फार बरं वाटलं.

नणंदेला मी दिलेली यादी अशी: गडद रंगाच्या दोन सलवारी किंवा पँट, चार वरचे कपडे, थर्मलचे दोन जोड, एक स्वेटर, एक कोट, दोन रंगीत सुती ओढण्या, एक सुती साडी, चालून मऊ झालेले बूट, छोटी छत्री. सणाचा हट्ट असेल तर एक चांगला ड्रेस, तोही घरात आहे त्यातला. फोटोत रंग दिसायला ओढणी पुरते. थर्मल रात्री धुतलं तर त्या ओलसर हवेत सकाळपर्यंत वाळेल याची खात्री नसते, म्हणून जोड दोन.

"आणि हे सहा ड्रेस?" तिने विचारलं. लेबलं काढली नसतील तर चार परत कर, म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वहिनी, बुटांवरची ती खूण कशी असते म्हणालात?" फोनवरून तिने बूट उलटा करून बघितल्याचा आवाज आला.

जॅकेट अजून माझ्याकडे आहे. यंदा दिवाळीला सून येईल तेव्हा तिला सांगायचं आहे की जे मी तीन वर्षांपूर्वी आरशासमोर बोलले, ते वेगळ्या तऱ्हेने बोलायला हवं होतं. मिच्छामि दुक्कडं दरवर्षी सगळ्यांना म्हणते, तिलाही म्हटलं. पण कशासाठी, ते कधी सांगितलं नाही.