कारपूलिंग: चौघांनी एका गाडीतून कामाला जाण्यात अडचण नेमकी कुठे येते?

नोकरी मिळते, पण तिथपर्यंत रोज पोहोचायचं कसं? पुण्यात चाकण किंवा हिंजवडीला, मुंबईत महापे किंवा तळोज्याला कामाला जाणाऱ्या अनेकांपुढे पगाराइतकाच हा प्रश्नही मोठा असतो. शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते, रोज रिक्षा परवडत नाही आणि स्वतःची गाडी सगळ्यांकडे नसते. त्याच रस्त्यावरून मात्र एकेक माणूस बसलेल्या शेकडो गाड्या जात असतात.

या गाड्यांमधल्या रिकाम्या सीट वापरणं म्हणजे कारपूलिंग. कल्पना साधी आहे, तरीही महाराष्ट्रात तिला कायद्याची वाट सापडायला बरीच वर्षं लागली.

प्रवासाचा आणि नोकरीचा संबंध काय?

याचा सर्वाधिक फटका महिलांना बसतो. विकसनशील देशांत सुरक्षित वाहतुकीच्या अभावामुळे महिलांची रोजगारात येण्याची शक्यता १६.५ टक्के बिंदूंनी घटते, असा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१७ च्या अहवालात मांडला होता. भारताच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील शहरी महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग २८ टक्के होता.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिला रात्री साडेनऊनंतर संमतीने काम करू शकतात, पण त्यांना घरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची असते. म्हणजे प्रवास हा नोकरीचाच भाग आहे, हे कायद्यानेही मानलं आहे. पण ही तरतूद रात्रीपुरती आहे. सकाळी सातच्या शिफ्टला जाणारीने स्वतःची सोय स्वतःच बघायची.

पैशांचं गणित कसं असतं?

एक उदाहरण घेऊ. घरापासून कंपनी २५ किलोमीटरवर आहे, गाडी लिटरला १५ किलोमीटर धावते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. जाऊन-येऊन खर्च होतो ३५० रुपये. एकट्याला महिन्याला २५ दिवसांचे पावणेनऊ हजार रुपये लागतील. चौघांनी वाटून घेतले तर प्रत्येकी २,२०० रुपयांच्या आत काम होतं. १८-२० हजार पगार असलेल्याला नोकरी टिकवता येईल की नाही, हे या फरकावर ठरू शकतं.

मग कायदा आड का येतो?

सगळा वाद 'भाडं' या शब्दाभोवती आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या वाहनाला परवाना लागतो. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीला तो नसतो. परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक केल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेजाऱ्याला फुकट सोडणं गुन्हा नाही. पण पेट्रोलचे पैसे वाटून घेणं म्हणजे खर्चाची वाटणी की भाडं?

केंद्राच्या २०२० च्या अ‍ॅग्रिगेटर मार्गदर्शक सूचनांनी यावर एक तोड काढली. खासगी गाडीला शहरात दिवसाला चार आणि शहराबाहेर आठवड्याला दोन फेऱ्या अ‍ॅपवरून शेअर करता येतील, पण राज्य सरकार याला मनाई करू शकेल, असं त्यात म्हटलं होतं. महाराष्ट्राने १९ जानेवारी २०२३ ला नेमकी तशी मनाई केली.

२०२५ मध्ये राज्य सरकारने भूमिका बदलली आणि अ‍ॅपवरून खासगी गाड्यांच्या पूलिंगला मान्यता देण्याचा निर्णय घेतला. त्यात एका गाडीला आठवड्याला १४ फेऱ्यांची मर्यादा ठेवली. १४ म्हणजे सात दिवस रोज एकदा जाणं आणि एकदा येणं. कामाला जाणाऱ्याला एवढं पुरतं, पण धंदा करणाऱ्याला पुरत नाही.

रिक्षा-टॅक्सीचालकांचा विरोध का?

त्यांचं म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. परवाना, फिटनेस, बॅज, जास्त दराचा विमा हा सगळा खर्च ते करतात. त्याच रस्त्यावर कोणी हा खर्च न करता प्रवासी घेत असेल, तर स्पर्धा बरोबरीची राहत नाही. म्हणून फेऱ्यांची मर्यादा आणि पैसे फक्त खर्चापुरते ठेवणं या दोन अटी महत्त्वाच्या ठरतात.

विम्याचं काय?

याकडे सर्वात कमी लक्ष जातं. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. अपघात झाला आणि सहप्रवाशांकडून पैसे घेतल्याचं समोर आलं, तर दावा अडू शकतो. त्यामुळे पूलिंग करणाऱ्याने पॉलिसीतलं 'वापराची मर्यादा' हे कलम वाचायलाच हवं.

फायदा कोणाला, बाकी कोण राहतं?

शेअरिंग महाराष्ट्राला नवीन नाही. पश्चिम महाराष्ट्रात वडाप आणि शहरांत शेअर रिक्षा वर्षानुवर्षं हेच काम करत आल्या आहेत. अ‍ॅपवरचं पूलिंग मात्र आधी आयटी पार्कच्या वाटेवर रुळतं, कारण तिथे गाड्याही आहेत आणि वेळाही जुळतात. ज्या कारखान्यात बहुतेकांकडे गाडीच नाही, तिथे अ‍ॅप काय करणार?

तिथे कंपनीचा पुढाकार लागतो. एकाच भागात राहणाऱ्यांची शिफ्ट एक ठेवणं, पूलिंग करणाऱ्यांना पार्किंगमध्ये प्राधान्य देणं आणि एखाद्या दिवशी गाडीवाला आला नाही तर परतीची सोय करणं, एवढं कंपनी नक्की करू शकते. फ्रान्समध्ये कारपूलिंगने येणाऱ्या कर्मचाऱ्यांना कंपन्या २०२० पासून करमुक्त भत्ता देऊ शकतात. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नव्याने पूलिंग सुरू करणाऱ्या चालकांना १०० युरोंचा बोनसही दिला.

कारपूलिंग बसची जागा घेऊ शकत नाही. सहप्रवाशाने नोकरी बदलली की जमलेली सोय एका दिवसात मोडते, बस मात्र दुसऱ्या दिवशीही येते. त्यामुळे रिकाम्या सीट भरायला परवानगी देताना, औद्योगिक वसाहतींपर्यंत शिफ्टच्या वेळेला बस पोहोचवण्याची जबाबदारी सरकारवर राहतेच.