जुना लॅपटॉप बदलण्याआधी



दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न प्रवेशाचा असतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: "टीचर, घरातला लॅपटॉप फार स्लो झालाय. नवा घ्यावाच लागेल का?" हा लॅपटॉप बहुधा सात-आठ वर्षांचा असतो. मोठ्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, लॉकडाऊनमध्ये सगळ्या भावंडांनी आळीपाळीने वापरलेला आणि आता धाकट्या मुलीच्या वाट्याला आलेला. तो चालू होईपर्यंत चहा होऊन थंड होतो. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना पान उघडेपर्यंत मुदतीचा शेवटचा दिवस मावळतो. मुलगी तक्रार करत नाही, कारण नव्या लॅपटॉपचा खर्च तिला ठाऊक असतो. आपण तिच्या गप्प बसण्याला "चाललंय तिचं" असे समजतो.

नवा घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी जुन्याला नेमके काय झाले आहे ते पाहू. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. अर्धा तास आणि थोडा धीर पुरतो.

आधी रीस्टार्ट

रोज रात्री शट डाउन केले म्हणजे सगळे बंद झाले, असे आपल्याला वाटते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उचलते. त्यामुळे कालचा गोंधळ आजही सोबत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करावे. काही घरांत दुखणे एवढ्यावरच थांबते.

नाडी कुठे बघायची?

लॅपटॉप सुरू करून पंधरा मिनिटे थांबा, कारण सुरुवातीला अपडेट आणि अँटिव्हायरस आपापली कामे उरकत असतात. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी दिसली तर 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांच्या वर टक्के दिसतील. कोणता रकाना सतत ९०-१०० वर अडकला आहे तो पाहा. दुखणे बहुधा तिथे असते.

हे तीन रकाने म्हणजे काय, ते स्वयंपाकघरावरून समजून घेऊ. सीपीयू म्हणजे स्वयंपाक करणारे हात. मेमरी, म्हणजे रॅम, हा ओटा. डिस्क ही सामानाची खोली. ईदच्या सकाळी ओटा लहान पडला की शीरखुर्म्याचे पातेले उतरवून खोलीत ठेवावे लागते, मसाल्याचा डबा आणावा लागतो, पुन्हा पातेले आणावे लागते. हात रिकामेच असतात, पण सगळा वेळ फेऱ्यांत जातो. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की हेच होते. रॅम भरली की विंडोज काही सामान डिस्कवर टाकते आणि लागले की परत आणते. म्हणून मेमरी आणि डिस्क दोन्ही भरलेल्या दिसल्या तर ओटा लहान आहे असे समजावे. साध्या अभ्यासाला आणि फॉर्म भरायला आठ जीबी रॅम पुरते.

आता डिस्क. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेले असते. एचडीडी म्हणजे जुनी हार्ड डिस्क. तिच्या आत खरोखरच तबकडी फिरते. लॅपटॉपमध्ये ही तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर तिचा वाचणारा काटा दर वेळी जागा बदलतो आणि तबकडी फिरून येण्याची वाट पाहतो. त्यामुळे सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास तुकडे हाती लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तीच असे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. जुन्या लॅपटॉपला हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली की जो फरक पडतो, तो दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने पडत नाही.

सीपीयू सतत भरलेला असेल तर खालच्या यादीत कोणता प्रोग्राम वरच्या जागी बसला आहे ते बघा. दोन अँटिव्हायरस एकमेकांना अडवत असतील तर एक काढा. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला चालतो. लॅपटॉप तापत असेल तर आतला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो. गादीवर किंवा रजईवर ठेवून वापरला की खालची हवेची भोके बुजतात. लॅपटॉप पाटावर किंवा टेबलावर ठेवा आणि पंख्यातली धूळ दुकानातून साफ करून घ्या.

घरबसल्या होणारी कामे

टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' भागात लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम दिसतात. मीटिंगची अ‍ॅप, गेम, प्रिंटरचे मदतनीस यांपैकी रोज न लागणारे 'डिसेबल' करा. त्याने प्रोग्राम जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. टचपॅड, आवाज आणि सुरक्षेच्या नोंदींना हात लावू नका.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरली असेल तर सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये जाऊन तात्पुरत्या फाइली काढा. त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असते. तिथे खूण करण्याआधी आत काय आहे ते बघा, कारण पुष्कळ घरांत हॉल तिकिटे आणि दाखले तिथेच पडलेले असतात.

'एका क्लिकमध्ये लॅपटॉप दुप्पट वेगवान' असे सांगणारे फुकट प्रोग्राम घेऊ नका. त्यांतले बरेचसे स्वतःच ओझे होऊन बसतात.

सर्वांत आधी करायचे ते

हे मी मुद्दाम वेगळे सांगते. हार्ड डिस्क मरायला लागली की तीही आधी हळूच होते. फाइल उघडताना लॅपटॉप गोठणे, आतून टिक-टिक आवाज येणे, फाइली खराब झाल्याचे संदेश येणे ही तिची लक्षणे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत सांगतो. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले तर वेगाचा विचार बाजूला ठेवा आणि आधी फाइली वाचवा.

त्या फाइलींत काय असते ते आठवा. गुणपत्रके, जातीचा दाखला, घराचे कागद, हजच्या प्रवासातले नानीचे फोटो, दादाजानच्या आवाजातले एखादे रेकॉर्डिंग. डिजिलॉकरमधून गुणपत्रिका पुन्हा मिळू शकेल, तो आवाज मिळणार नाही. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी गुगल ड्राइव्हवर ठेवा. तिथे १५ जीबी जागा मोफत असते, पण तुमचे ईमेल आणि फोटोही तीच जागा खातात. कॉपी झाल्यावर चार-पाच फाइली उघडून बघा.

दुकानात काय बोलायचे?

बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य ठरलेले असते: "फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल." फॉरमॅटमुळे सी ड्राइव्हवरचे सगळे जाते आणि तबकडी तीच राहिली तर काही महिन्यांत वेगही पूर्वपदावर येतो. म्हणून दुखणे घरीच पाहून जा आणि नेमके सांगा: "एसएसडी बसवायची आहे, रॅम आठ जीबी करायची आहे. दोन्हींचे भाव वेगळे लिहून द्या." रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते विचारा, एकीची दुसरीच्या जागी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती वाढत नाही. बिल आणि वॉरंटी घ्या. जुनी डिस्क परत मागा. तिच्यावर तुमच्या घरच्या मुलीबाळींचे फोटो आहेत.

टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जिंग लगेच थांबवा आणि ती टोचू किंवा दाबू नका. ही दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलायची नसते.

दुरुस्ती कुठे थांबवायची?

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढीची सोय ठेवली आहे, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम तुमचा लॅपटॉप त्यात बसतो का ते सांगतो. बसत असेल तर एसएसडी आणि रॅमवर केलेला खर्च वाया जात नाही.

बसत नसेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकता येते. ब्राउझर, व्हिडिओ, लिब्रेऑफिसमधले लिखाण, मराठी टायपिंग, नोटो नस्तालीक फाँटमध्ये उर्दू, हे सगळे तिच्यावर होते. इनपेज मात्र विंडोजचा प्रोग्राम आहे. ज्या घरात उर्दू प्रश्नपत्रिका किंवा लग्नपत्रिका इनपेजमध्ये तयार होतात, तिथे हा रस्ता अडतो. मुलीच्या कॉलेजला एखादे ठराविक सॉफ्टवेअर लागणार असेल तर तेही आधी विचारा.

बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर रेघा, बॅटरी संपलेली आणि प्रोसेसरही जुना, अशी तीन-चार दुखणी एकत्र असतील तर पैसा त्यात घालू नका. नवा घ्या किंवा ओळखीच्या ठिकाणचा बिलासह सेकंडहँड घ्या. जुना देऊन टाकताना 'रीसेट'मध्ये सगळे काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. नुसते डिलीट केल्याने फाइल पुसली जात नाही.

येत्या रविवारी टास्क मॅनेजर उघडाल तेव्हा लेकीला शेजारी बसवा आणि बटणे तिलाच दाबू द्या. कोणता रकाना भरला आहे ते तिने वाचावे, दुकानातही तिनेच बोलावे. हिशेब तिच्यासमोर मांडा: दुरुस्तीला इतके, नव्याला इतके. मग विचारा, "तुला अभ्यासाला कशावर काय करायचं आहे?" हा प्रश्न तिला याआधी बहुधा कोणी विचारलेला नसतो.