फ्युक्सिनचा अर्धाच सांगितलेला इतिहास

१/
ऊतिविज्ञानाचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. व्हान गीसन, वायगर्ट, मॅलरी, मासाँ ही नावे ओळीने मांडायची, प्रत्येकापुढे साल आणि रंगांची कृती लिहायची, की इतिहास पूर्ण झाला. ही रीत अपुरी आहे आणि काही माणसांच्या बाबतीत अन्यायकारकही आहे.

२/
आधी मूळ प्रश्न. त्वचा, कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांत संयोजी ऊती असते. तिच्यात ताण सोसणारे कोलॅजेनचे तंतू, ताणून पूर्ववत होणारे लवचिक तंतू आणि अतिसूक्ष्म जाळीदार तंतू असतात. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगजोडीत कोलॅजेन आणि स्नायू दोन्ही गुलाबीच दिसतात. व्रणाची ऊती कोठे संपते आणि स्नायू कोठे सुरू होतो, हे ठरवणे मग अवघड जाते.

३/
१८८९ मध्ये न्यूयॉर्कचे इरा व्हान गीसन यांनी पिक्रिक आम्ल आणि आम्लधर्मी फ्युक्सिन एकत्र वापरले. त्यांचे लक्ष्य मज्जासंस्था होते. पण पद्धत रूढ झाली ती संयोजी ऊतीसाठी. तीत कोलॅजेन लाल दिसते, स्नायू पिवळे. १८९८ मध्ये कार्ल वायगर्ट यांनी फ्युक्सिन आणि रिसॉर्सिनॉल यांच्या संयोगाने लवचिक तंतू गडद निळे-काळे करून दाखवले. १९०० मध्ये मॅलरी आणि १९२९ मध्ये मासाँ यांच्या बहुरंगी पद्धती आल्या. जाळीदार तंतूंसाठी चांदीच्या क्षारांची निराळी पद्धत लागते.

४/
व्हान गीसन आणि वायगर्ट यांनी वापरलेले रंग सूक्ष्मदर्शकासाठी जन्मले नव्हते. पिक्रिक आम्लाने रेशीम पिवळे रंगवीत. फ्युक्सिन १८५९ मध्ये फ्रान्समधील ल्याँ या रेशीमनगरीत बाजारात आले आणि त्याच वर्षीच्या माजेंताच्या लढाईवरून ‘मॅजेंटा’ म्हणून गाजले. लोकर आणि रेशीम हे प्रथिनांचे तंतू, कोलॅजेनही प्रथिनच. आम्लधर्मी रंग लोकरीला ज्या ओढीने धरतात, त्याच ओढीने कोलॅजेनलाही धरतात. रंगाऱ्याचे ज्ञान प्रयोगशाळेच्या आधीचे आहे.

५/
त्या काळी जगभरच्या प्रयोगशाळांना रंग पुरवणारी लायप्झिगची ग्रुब्लर ही पेढीसुद्धा रंग स्वतः बनवत नसे. कापडासाठी तयार झालेल्या मालातून उपयुक्त रंग पारखून ती बाटल्यांत भरून विकत असे.

६/
हा माल बनवणाऱ्यांचे काय झाले? १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फ्युक्सिन बनवणाऱ्या कामगारांतील मूत्राशयाच्या अर्बुदांची नोंद मांडली. ४५ कामगारांपैकी तिघांना हा विकार झाला होता. रेन यांनी बोट ठेवले ते कारखान्यातील ॲनिलिनच्या वाफांवर.

७/
आता सालांकडे पाहावे. वायगर्ट काम करीत ते याच फ्रँकफर्टमध्ये. रेन यांच्या नोंदीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, त्याच शहरात, त्याच रंगातून लवचिक तंतूंची प्रसिद्ध पद्धत निघाली. पाठ्यपुस्तकांत १८९८ सापडते; १८९५ शोधायचे तर व्यवसायजन्य रोगांचे वेगळे पुस्तक उघडावे लागते.

८/
यावर आक्षेप असा, की रंग निवडणे, त्यांचा क्रम आणि प्रमाण ठरवणे ही खरी प्रतिभा होती. ती होतीच, वायगर्टचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूत्राशयाच्या कर्करोगाचा मोठा दोष पुढे बेंझिडिन आणि २-नॅफ्थिलअमाइन यांसारख्या रसायनांकडे गेला, मग फ्युक्सिनला का धरावे? पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मॅजेंटाची निर्मितीप्रक्रिया मानवी कर्करोगाचे कारण म्हणून पहिल्याच गटात नोंदवली आहे. कोणता रेणू किती दोषी, या वादाने त्या कारखान्यातील श्रमाची किंमत कमी होत नाही.

९/
तिसरा आक्षेप: हे सारे काचपट्टी वाचणाऱ्याच्या कामाचे नाही. येथेही इतिहास विरुद्ध साक्ष देतो. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांचा पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकी प्रयोगशाळांची अडचण झाली. निरनिराळ्या कारखान्यांचे रंग एकाच नावाने येत आणि एकसारखे वागत नसत. म्हणून १९२२ मध्ये तेथे जैविक रंजकांच्या प्रमाणीकरणासाठी आयोग स्थापन झाला. कोलॅजेन किती लाल दिसेल, हे बाटलीतला माल कोणाचा आणि कसा, यावरही अवलंबून होते. यकृतातील तंतुमयता आजही बहुरंगी पद्धतींनी मोजली जाते. तेव्हा रंगाचे मूळ विचारणे हा निदानाच्या विश्वासार्हतेचाच भाग आहे.

१०/
मागणी साधी आहे. व्हान गीसन आणि वायगर्ट यांची नावे पुसू नयेत. त्यांच्या शेजारी ल्याँचे रेशीम, ग्रुब्लरची पेढी आणि रेन यांनी मोजलेले ते तीन कामगार यांनाही जागा द्यावी. त्या तिघांच्या नावाने कोणतीही पद्धत ओळखली जात नाही. निदान पद्धत शिकवताना त्यांचा उल्लेख एका वाक्यात तरी व्हावा.