उलार गाडी आणि घरी बांधलेलं विमान

आमच्या सिंदी (रेल्वे)त बैलगाडी भरताना जुनी माणसं आधी एकच पाहतात: गाडी उलार तर होत नाही ना? ओझं मागं जास्त झालं की जू वर उचलतं, पुढं जास्त झालं की बैलांच्या मानेवर बसतं. विमानाचंही तसंच. पण तिथं उतरून पोतं सरकवता येत नाही. म्हणून बहुतेक लहान विमानांच्या शेपटीवर एक छोटी हलती पट्टी असते, ट्रिम. ती नीट लावली की वैमानिकाच्या हातावर जोर येत नाही.

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवतात ना? २०१६ च्या 'मेक इन इंडिया'त विमान मांडलं, २०१७ ला नोंदणी, २०१९ ला उड्डाणाची परवानगी. एवढा उशीर का, म्हणून आपण चिडलो. बरोबरच चिडलो. पण दुसरा प्रश्न कोणीच विचारला नाही: हवेत बिघाड झाला तर काय करायचं, हे घरी विमान बांधणाऱ्याला शिकवणार कोण?

ट्रिमची मोटर स्वतःहून पळत सुटली तर पहिलं काम म्हणजे दांडा घट्ट धरून नाक सरळ ठेवणं. मग मोटरची वीज तोडायची. आणि वेग आवरायचा, कारण वेग दुप्पट झाला की हातावरचा जोर साधारण चौपट होतो. उतरायला लांब धावपट्टी निवडायची.

वेग न आवरणं किती महाग पडतं ते मार्च २०१९ मध्ये इथिओपियात दिसलं. तिथल्या बोइंगच्या वैमानिकांनी ट्रिमची वीज तोडली होती. पण वेग इतका वाढला होता की हाताचं चाक फिरेना. १५७ माणसं गेली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या विमानाचं हे, मग गच्चीवरच्या विमानाचं काय सांगावं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. परवानगी लवकर द्या, पण देताना नुसते कागद तपासू नका. वीज तोडायचं बटण पट्टा बांधलेल्या वैमानिकाच्या हाताला लागतं का, ते पाहा. मोटर हळू चालते का, ते पाहा. ट्रिम अडकल्यावर काय करणार, हे त्याच्याकडून जमिनीवरच करून घ्या.

आणि आपणही, गावातल्या पोरानं काही उडवलं की हार घालायच्या आधी विचारू या: "बाबू, हे अडकलं तर काय करशील?" उत्तर आलं की मग हार घाला, दोन घाला.