जुना फोन आईला देण्याआधी

छत्रपती संभाजीनगरात टीव्ही सेंटरजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. एखाद्या घरातले सगळे फोन काउंटरवर ओळीनं ठेवले, तर त्या घरात कोणाचं चालतं हे मी माणसं न बघता सांगू शकतो. कमावत्या मुलाकडं सगळ्यात नवा. त्याचा आधीचा वडिलांकडं. वडिलांचा आधीचा कॉलेजातल्या मुलीकडं. आणि या सगळ्यांतून उरलेला, कडा उडालेला, सकाळी पूर्ण भरून दुपारच्या आत मान टाकणारा फोन आईकडं. आजी घरात असेल तर आणखी एक पायरी.

जुन्या फोनचं काय करायचं, यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास बरंच छापून येतं. एक्सचेंजमध्ये किती सुटतील, ऑनलाइन विकावा का, डेटा कसा पुसावा. माझ्या काउंटरवरून दिसतं ते असं, की आपल्याकडं चालता फोन सहसा घराबाहेर जातच नाही. तो एकेक हात खाली उतरतो. याला माझी हरकत नाही. चालती वस्तू कोणीतरी वापरणं यापेक्षा तिचा चांगला उपयोग मला तरी माहीत नाही, आणि माझं पोटही त्यावरच चालतं. हरकत आहे ती फोन कोणत्या अवस्थेत दिला जातो याला, आणि दिल्यावर त्याच्याकडून कोणती कामं करून घेतली जातात याला.

कामं बघा. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, महिन्याला दीड हजार रुपये. २०२५ च्या सप्टेंबरात तिची ई-केवायसी सक्तीची झाली. बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. त्या दिवसांत दुकानात बायकांची रीघ होती. हर्सूलहून, जाधववाडीहून, फुलंब्रीकडच्या गावांतून. कोणाची चार्जिंग पिन सैल, त्यामुळं वायर एका विशिष्ट कोनात धरून बसावं लागायचं. कोणाच्या स्क्रीनची खालची पट्टी टच घेत नव्हती, आणि कीबोर्ड नेमका तिथंच उघडतो. "भाऊ, नंबर आलाय बघा, पण हे दाबलंच जात नाही," एक मावशी म्हणाल्या. तोवर ओटीपीची मुदत संपली. संकेतस्थळावर तेव्हा गर्दीही फार होती, त्यामुळं सगळा दोष फोनचा नव्हे. पण गर्दीतून एकदाचा मिळालेला ओटीपी फुटक्या स्क्रीनमुळं वाया जावा, याला काय म्हणायचं?

गॅसचं सिलिंडर दारात आलं की सांगायचा कोड आईच्या फोनवर. शाळेचा ग्रुप आईच्या फोनवर. बचत गटाचे हिशेब आईच्या फोनवर. गावाकडं वडिलांची गत वेगळी नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, आणि आपण कुठं उभे आहोत ते फोननं सांगायचं. शहरात नोकरीला असलेल्या मुलानं पाठवलेल्या फोनच्या कॅमेऱ्याची काच चरे पडून धुरकट झालेली असते. जीपीएस आपल्याच बांधावर उभ्या माणसाला भलत्याच गटात दाखवतं. पिकाची नोंद सातबाऱ्यावर लागली नाही, तर पुढं भरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत खेटे घालणं आलं. मुलाच्या नव्या फोनवर तेवढ्या वेळात रील चालू असतात. जरा कडवट झालं, पण घरात सगळ्यात जबाबदारीची कामं सगळ्यात रद्दी फोनवर चालतात, हे मी रोज बघतो.

बॅटरीचं सांगतो, कारण ऐंशी टक्के तक्रारी फिरून तिथंच येतात. (हा ऐंशीचा आकडा माझ्या अंदाजाचा.) फोनमधली लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली, की तिची ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते, आणि तिथून घसरण वाढत जाते. मुलानं दोन-तीन वर्षं गेम खेळून, गाडी चालवताना नकाशा लावून, रात्रभर चार्जिंगला ठेवून ती आधीच पिळलेली असते. पुढं आपल्या मराठवाड्याचा मे महिना, आणि फोन ठेवायची जागा म्हणजे गॅसच्या ओट्याशेजारचा प्लग. मग ती फुगते. आतून वायू धरला की मागचं झाकण उचललं जातं. झाकण रबर बँडनं आवळून वापरात असलेले फोन माझ्याकडं येतात, आणि ते बहुतेक वेळा बाईमाणसाच्या पिशवीतूनच निघतात. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर लावूच नये. मी ती काढून वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट दोन-तीन वर्षं मिळतात. आता काही महागड्या फोनना सात वर्षांचं आश्वासन आहे, पण ते फोन आईपर्यंत उतरायला अजून अवकाश आहे. म्हणजे फोन तिच्या हातात येतो तेव्हा त्याची राखण करणारं कोणी उरलेलं नसतं. लग्नपत्रिका म्हणून, वाहतूक चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या एपीके फाइली फिरतात, त्या अशाच फोनवर सहज बसतात आणि बँकेचे मेसेज वाचू लागतात. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपनं अँड्रॉइड ४.४ वर चालणं थांबवलं. त्यानंतर एक आजी नातवासोबत आल्या. नातू म्हणाला, "आजीला येत नाही वापरता, तिनंच काहीतरी दाबलं." तिनं काही दाबलं नव्हतं. तो फोनच दहा वर्षांपूर्वीचा होता. फोन जुना असतो आणि अडाणी ती ठरते, हे मला सगळ्यात लागतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्क्यांनी स्वतः वापरता येईल असा मोबाईल आपल्याकडं असल्याचं सांगितलं. आकडा वाढला म्हणून कौतुक झालं. यातले किती फोन दुसऱ्याच्या हातून उतरलेले, हे त्या आकड्यात दिसत नाही.

तेव्हा फोन घरातच द्यायचा असेल तर नीट द्या. बॅटरी बदला, पिन बदला, स्क्रीनची पट्टी टच घेते का ते बघा. साध्या फोनला हा सगळा खर्च चौघांच्या हॉटेलातल्या एका जेवणाइतका येतो. तुमचं गुगल अकाउंट काढून मग रिसेट मारा. पुष्कळ मुलं स्वतःचंच अकाउंट ठेवून फोन देतात. वर्षभरानं आई पॅटर्न विसरते, कोणीतरी रिसेट मारतं, आणि फोन मुलाचा जुना पासवर्ड मागत बसतो. तो मुलालाही आठवत नसतो. तिच्या नावानं अकाउंट उघडा आणि पासवर्ड तिच्या वहीत लिहून द्या. आणि ज्याला अपडेट मिळणं बंद झालंय, त्या फोनवर तिचं बँकेचं अ‍ॅप ठेवू नका. गाणी ऐकायला, नातवाशी बोलायला तो चालेल.

जे फोन उतरत नाहीत ते ड्रॉवरमध्ये पडतात. त्याचं कारण कंजुषी नसते. "फोन नको, फोटो तेवढे काढून द्या," म्हणून लोक बंद पडलेले फोन घेऊन येतात, आणि फोटो बहुधा गेलेल्या माणसाचे असतात. बोर्ड जिवंत करून ते निघाले तर बरं वाटतं. दर वेळी निघत नाहीत. म्हणून फोन चालू आहे तोवर फोटो दुसरीकडं उतरवून घ्या, एवढंच.

ड्रॉवर भरला की गल्लीत मोटारसायकलवरचा भोंगा ऐकू येतो: खराब मोबाईल, फुटका मोबाईल द्या, टब घ्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्यामुळं हा व्यवहारही निरुपद्रवी वाटतो. पण साडीत कोणाचे नंबर नसतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेलंगणातल्या रामागुंडम पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडं पोत्यांत भरलेले सुमारे चार हजार जुने मोबाईल होते, घरोघर फिरून प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या बदल्यात घेतलेले. ते सायबर फसवणूक करणाऱ्यांना वापरासाठी पुरवले जात होते, असं पोलिसांचं म्हणणं होतं. प्रत्येक टबवाला तसा असतो असं मी म्हणत नाही. बरेचसे बिचारे भंगारावर पोट भरणारे आहेत. पण तुमचा फोन पुढं कुठं जातो हे त्यालाही माहीत नसतं, आणि फोनचा आयएमईआय क्रमांक तुमच्या बिलावर असतो.

भंगारात गेलेले बोर्ड किलोवर विकले जातात. दिल्लीतलं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही त्याची जुनी ठिकाणं. तिथं बोर्ड जाळून, तेजाबात बुडवून तांबं आणि सोनं काढतात, तेही उघड्या हातांनी. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची नीट विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. जपाननं टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून केली. ६२ लाखांच्या आसपास फोन आणि बाकीची छोटी यंत्रं गोळा करून ३२ किलो सोनं काढलं. त्यात सोळाशेहून जास्त नगरपालिका उतरल्या होत्या, आणि मोबाईल कंपनीच्या दुकानांत फोन टाकायची सोय होती. लोकांना लांब जावं लागलं नाही, ही त्यातली खरी गोम.

आपल्याकडं १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. पुनर्प्रक्रियेचं उद्दिष्ट कंपन्यांवर आहे: पहिली दोन वर्षं ६० टक्के, मग ७०, पुढं ८०. पण नागरी भागात ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेवाल्याकडं पोहोचवायची जबाबदारी याच नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवरही टाकली आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि हे शहर महिनोन्‌महिने ढिगाऱ्यांत राहिलं, हे विसरायला फार वर्षं झालेली नाहीत. ओला-सुका तेव्हा नाइलाजानं शिकलो. फुगलेली बॅटरी घंटागाडीत दाबली जाऊन पेट घेईपर्यंत थांबायचं का?

महापालिकेनं प्रत्येक झोन कार्यालयात, मालमत्ता कर भरायच्या खिडकीशेजारी, कुलूपबंद पेटी ठेवावी. पैठण गेटच्या मोबाईल बाजारात आणि कॅनॉटला एकेक ठेवावी. आम्हा दुरुस्तीवाल्यांकडं साठलेले मेलेले बोर्ड आणि बॅटऱ्या महिन्यातून एकदा पावती देऊन उचलाव्यात. आम्ही पैसे मागत नाही, पावती मागतो.

आणि ज्यांच्या घरी या दिवाळीत नवा फोन येणार आहे, त्यांना एक सुचवतो. तुमचा आताचा फोन अजून दोन वर्षं सहज चालेल, बॅटरी तेवढी बदलून घ्या. नवा, साधा का होईना, अपडेट मिळणारा फोन आईच्या हातात द्या.