'रक्तातच आहे' म्हणजे काय?

हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या लॅबच्या दारावरचा 'फुल बॉडी चेकअप'चा फलक वाचा: साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. हिपॅटायटिस बीचे, म्हणजे पांढऱ्या काविळीचे, नाव बहुधा नसते. आपली वाटणी पक्की झाली आहे: लागण म्हणजे चार दिवसांचा ताप, आणि जुनाट दुखणे म्हणजे खाण्यापिण्याचे फळ नाहीतर घराण्याचा वारसा. यकृतापाशी ही वाटणी कोलमडते. आजी, आई, मुलगा असे ओळीने यकृताच्या दुखण्याने आजारी पडले की 'त्यांच्या रक्तातच आहे' असे म्हणतात. पुष्कळदा ते खरेही असते, फक्त रक्तात असतो तो हिपॅटायटिस बीचा विषाणू, बाळंतपणात आईकडून आलेला. जन्मतःच लागण झालेल्या १० पैकी सुमारे ९ बाळांत ही पांढरी कावीळ कायमची मुक्कामाला राहते. मोठेपणी लागण झालेल्या १०० पैकी ५ जणांतही राहत नाही. सिरॉसिस किंवा कर्करोग उगवतो तो कित्येक वर्षांनी. तेव्हा बाळंतपण कोणाला आठवणार?

यावर आक्षेप असा की, विषाणू असूनही कित्येकजण ठणठणीत राहतात, मग तो कारण कसा? विडी ओढणाऱ्या प्रत्येकालाही कर्करोग होत नाही, म्हणून विडी निर्दोष ठरत नाही. खरी कसोटी वेगळी: जंतू हटवला तर रोग हटतो का? तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग पुढच्या दशकात लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला. एवढ्या काळात कोणाचे घराणे बदलत नाही. मात्र हीच कसोटी प्रत्येक रोगामागे जंतू पाहणाऱ्या उत्साही मंडळींनाही लावावी. क्लॅमिडिया न्यूमोनिया या जंतूमुळे हृदयविकार होतो, अशी एकेकाळी मोठी हवा होती. सुमारे ४,००० हृदयरुग्णांना वर्षभर दर आठवड्याला अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिले. २००५ मध्ये निष्कर्ष आले, झटके काही कमी झाले नाहीत. तेव्हा प्रत्येक जुनाट दुखण्यामागे जंतू शोधत अँटिबायोटिक घेणे हा शुद्ध वेडेपणा.

यकृताची बाजू मात्र कसोटीला उतरली आहे, आणि तिचा उपाय कुकटपल्लीला परका नाही. हैदराबादच्याच शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये भारतीय बनावटीची हिपॅटायटिस बीची लस बाजारात आणली. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो, पुढच्या महिन्याच्या 'इंजेक्शनाला' नव्हे. घरात बाळंतपण असेल तर दवाखान्यातून निघण्यापूर्वी बाळाच्या लसीकरण कार्डावर त्या डोसची तारीख आणि वेळ पाहून घ्या.