मावळतीविना सायंसंध्या

उत्तर नॉर्वेंतील ट्रॉम्सो या बेटावरील शहरीं आमचें प्रवासी जहाज जूनमध्यें एक दिवस थांबलें. येथें 20 मेच्या सुमारास वर आलेला सूर्य जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळतच नाहीं. मग सायंसंध्या केव्हां करावी? आमच्यांतील एका वृद्ध गृहस्थांस हा प्रश्न थट्टेचा वाटेना. नुसतें घड्याळ पाहून अर्घ्य देणें त्यांस पटत नव्हतें. अखेर सहाच्या सुमारास सूर्य पश्चिमेस आला (होता मात्र चांगला उंच!) तेव्हां पळी-पंचपात्र घेऊन ते कठड्याशीं बसले. लोकमान्यांनीं 1903 सालच्या ग्रंथांत वैदिक आर्यांचें मूलस्थान ध्रुवप्रदेशीं मानिलें. विद्वानांस तें आज मान्य नाहीं. तरी सूर्याच्या चालीवरून ऋचांचा अर्थ लावण्याचा मोह त्यांस कां झाला, हें येथें उमगतें. मध्यरात्रीनंतर पाऊण वाजतां सूर्य थेट उत्तरेस होता, आणि वृद्ध गृहस्थ प्रातःसंध्येचा विचार करीत जागेच होते.